जुन्या तबकडीचा दुभाषी



आजच्या व्याख्यानाचा विषय संयोजकांनी फळ्यावर लिहिला तो असा: ‘संगणकाच्या कर्नलमधील जुन्या हार्ड डिस्कच्या ड्रायव्हरांची देखभाल’. तो वाचून आपल्या वसाहतीतले एक गृहस्थ मला म्हणाले, “भाऊ, कर्नल पलटणीत असतो आणि ड्रायव्हर ट्रॅक्टरवर असतो, एवढे आम्हांला ठाऊक आहे. या दोघांचे काही भांडण झाले असून युनियन त्यात पडली आहे, असे समजायचे काय?” मी म्हटले, “भांडण आहे खरे, पण ते निराळ्या जागी आहे. व्याख्यानाला या, म्हणजे सांगतो.” ते गृहस्थ पहिल्या रांगेत येऊन बसले आहेत. तेव्हा दिलेला शब्द पाळणे मला भाग आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगून मोकळा होतो. मी कोणत्याही शास्त्राचा पदवीधर नाही. नववीत शाळा सुटली, मिल हाऊसमध्ये तेलपाणी करायला लागलो आणि तेथून संघटनेच्या कामात आलो. कायदा शिकलो तो कामगारांच्या खटल्यांच्या कागदांतून, आणि इंग्रजी शिकलो ते शब्दकोश मांडीवर घेऊन. संगणकाचा हा विषयही मी त्याच रीतीने, म्हणजे गरज पडली म्हणून शिकलो. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्या परंपरेतल्या व्यासपीठावर माझ्यासारख्याने उभे राहावे, हा आपला मोठेपणा आहे. माझे काही चुकले तर जाणकारांनी सभेनंतर मला जरूर सांगावे.

आता मूळ गोष्टीला येतो. २०१६ सालच्या उन्हाळ्यात एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे आले. ते एका साखर कारखान्यात सेंट्रिफ्यूगल मशीनवर हंगामी कामगार होते. कारखान्याचे नाव मी घेत नाही; जे तेथे घडले ते कितीतरी ठिकाणी घडले असेल. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला एक कागद होता. वयाची अठ्ठावन्न वर्षे पुरी झाली होती, पेन्शनसाठी त्यांनी अर्ज केला होता, आणि उत्तर आले होते की, आपली सेवा आठ वर्षेच भरते. कागद माझ्यापुढे ठेवून ते आपल्या अहिराणीत म्हणाले, “भाऊ, मना दोन साल कोठे गयात?”

या प्रश्नाचे वजन कळावे म्हणून थोडे गणित सांगतो. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेप्रमाणे पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. ती भरली नाही तर एकरकमी काही पैसे हातावर ठेवून हिशेब मिटतो. महिन्याचे पेन्शन मिळत नाही. मात्र या योजनेत हंगामी कामगारासाठी एक फार चांगली तरतूद आहे. हंगामी उद्योगात वर्षातून चार-पाच महिनेच काम मिळाले, तरी त्या वर्षाची सेवा पूर्ण वर्ष म्हणून धरायची. म्हणजे एक गळीत हंगाम हे एक वर्ष. पेन्शनची रक्कम काढायची रीतही सोपी आहे: सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरांनी भागायचे. पगार सात हजार धरला, तर प्रत्येक हंगामाचे महिना शंभर रुपये होतात. पण ज्याचे आठ हंगाम नोंदलेले आहेत, त्याच्या दृष्टीने नवव्या आणि दहाव्या हंगामाची किंमत दोनशे रुपये नसते. त्याचे सगळे पेन्शनच त्या दोन हंगामांवर उभे असते.

हरवलेले हंगाम होते १९९७-९८ आणि १९९८-९९ चे. त्या काळची हजेरीपत्रके एका ओलसर खोलीत ठेवलेली होती. वाळवीने त्यांचा भुगा केला होता. टाईम ऑफिसातला एक जुना कारकून मात्र म्हणाला, “त्या दोन वर्षांचे पगारपत्रक आम्ही कॉम्प्युटरवर करीत होतो. तो कॉम्प्युटर भंगारात पडला आहे. लिलाव अजून व्हायचा आहे.” आम्ही स्टोअरमध्ये गेलो. जुन्या बेअरिंगांच्या आणि फाटक्या पट्ट्यांच्या ढिगात तो पत्र्याचा डबा पडलेला होता. आतून जी वस्तू निघाली ती म्हणजे हार्ड डिस्क: वीटभर वजनाची, तळहाताएवढी, आणि चाळीस सुयांच्या तोंडाची.

हार्ड डिस्क म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगतो. आत चुंबकी लेप दिलेल्या तबकड्या एका दांड्यावर फिरत असतात आणि त्यांच्यावर केसभर अंतराहून कितीतरी कमी अंतरावरून एक डोके नोंदी वाचीत व लिहीत जाते. असे पहिले यंत्र आयबीएम कंपनीने १९५६ साली विकायला काढले. त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि एवढ्या मोठ्या कपाटात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. १९८० साली सीगेट कंपनीने जवळपास तेवढीच अक्षरे हातात धरता येईल अशा पेटीत बसवली. पुढे १९८४ साली आयबीएमचा एटी नावाचा संगणक आला, त्याला जोडायच्या डिस्कची बोलायची एक रीत ठरली, आणि १९९४ साली तिचे अधिकृत मानक झाले. आमच्या हातात होती ती डिस्क याच घराण्यातली.

आता ‘बोलायची रीत’ असे मी का म्हणालो? डिस्कला माणसाची भाषा कळत नाही हे तर खरेच, पण तिला संगणकाचीही भाषा जशीच्या तशी कळत नाही. जमिनीचा तुकडा सांगताना आपण जसे गाव, गट नंबर आणि हिस्सा सांगतो, तसे जुन्या डिस्कला सांगावे लागे: कितवे वर्तुळ, कोणते डोके, त्या वर्तुळातला कितवा तुकडा. नंतरच्या डिस्कांनी ही पद्धत सोडून सरळ अनुक्रमांक स्वीकारला. कोणती डिस्क कोणत्या रीतीने बोलते, किती वेळ थांबल्यावर उत्तर देते, उत्तर आलेच नाही तर काय करायचे, हे सारे जाणणारा एक छोटा कार्यक्रम संगणकात असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी त्याला दुभाषी म्हणतो. आणि संगणकाच्या सगळ्या कारभाराच्या मध्यभागी बसून स्मृती, वेळ आणि यंत्रे यांची वाटणी करणारा जो मुख्य कार्यक्रम, त्याला म्हणतात कर्नल. आपण त्याला गाभा म्हणू, म्हणजे पलटणीचा गोंधळ होणार नाही.

दुभाष्याचे महत्त्व या तालुक्यातल्या माणसाला मी काय सांगावे! धडगावकडून कामाला येणारे पावरा बांधव जेव्हा मजुरीच्या तक्रारी घेऊन आले, तेव्हा त्यांची पावरी आणि कचेरीची मराठी या दोहोंमध्ये उभा राहणारा एकच म्हातारा आमच्याजवळ होता. तो वारला आणि दोन वर्षे आम्हांला त्याची जागा भरता आली नाही. त्या दोन वर्षांत पावरा मजुरांच्या तक्रारीच आल्या नाहीत. मी मूर्खासारखा समजत होतो की, आता त्यांचे ठीक चालले आहे. तक्रार होती तशीच होती; ती सांगायचा मार्ग बंद झाला होता. डिस्कवरची नोंद अशीच असते. दुभाषी गेला की नोंद पुसली जात नाही, ती मुकी होते.

शहाद्याचा एक दुरुस्ती करणारा मुलगा आम्ही बरोबर घेतला. त्याच्यापाशी जुनी डिस्क नव्या संगणकाच्या यूएसबी भोकाला जोडायची डबी होती. जोडून पाहिली. मुलगा म्हणाला, “भाऊ, डबी म्हणते, आत काही नाहीच.” माझा जीव खाली बसला. पण त्याने कारण शोधून काढले. अशा पुष्कळ डब्यांना अनुक्रमांकाचीच रीत ठाऊक असते. गाव-गट-हिस्सा सांगणाऱ्या म्हाताऱ्या डिस्कशी त्यांना बोलताच येत नाही. मग त्याने कुठून तरी चाळीस सुयांची पट्टी बसणारा एक जुना संगणक आणला. एका पट्टीवर दोन डिस्का बसतात, एक ‘मास्टर’ आणि दुसरी ‘स्लेव्ह’. म्हणजे मालक आणि गुलाम! युनियनवाल्याच्या कानाला हे शब्द कसे लागले असतील ते आपण समजू शकता. मानक लिहिणाऱ्यांनी मात्र शून्य क्रमांकाचे आणि एक क्रमांकाचे यंत्र असेच म्हटले आहे, हे मला पुढे कळले आणि बरे वाटले.

त्या संगणकावर त्याने लिनक्स नावाची प्रणाली एका सीडीवरून चालू केली. पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या आणि त्यांत एक ओळ आली: आमच्या डिस्कचे नाव, तिची वर्तुळे, तिची डोकी, तिचे तुकडे. दुभाष्याने तिला ओळखले होते!

पुढचे काम मुलाने फार जपून केले, आणि ते आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याने डिस्क उघडून वाचत बसण्याचा मोह टाळला. तिच्यावर एक अक्षरही लिहिले जाणार नाही अशी तजवीज करून आधी तिची आरंभापासून शेवटपर्यंत नक्कल घेतली. जेथे वाचता येत नव्हते तो भाग सोडून पुढे गेला आणि सोपे ते सगळे हाती लागल्यावर अवघड जागांकडे परत आला. डिस्क मध्येच अडली की पडद्यावर चुकीची ओळ उमटे. दुभाषी थोडा थांबे, डिस्कला सावध करून पुन्हा विचारी, आणि तरी जमले नाही तर बोलण्याची गती कमी करी. ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्याशी आपण सावकाश बोलतो, तसेच हे. ही समजूत त्या कार्यक्रमात कोणीतरी लिहून ठेवलेली होती. कोणी, हा प्रश्न त्या रात्री माझ्या मनात प्रथम आला.

नक्कल झाली, पगाराची फाईल सापडली, पण नावे वाचता येईनात. आकडे स्वच्छ होते आणि नावांच्या जागी विचित्र चिन्हे होती. त्या कारखान्यात नावे देवनागरीत लिहिता यावीत म्हणून सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवलेले होते. त्याची लिपिसंकेतांची पद्धत म्हणजे इस्की. तिचे कोष्टक भारतीय मानक म्हणून १९९१ साली प्रसिद्ध झालेले असल्यामुळे कोणते संकेत म्हणजे कोणते अक्षर, हे कोणालाही पाहता येते. मुलाने कोष्टक लावले आणि चिन्हांतून नावे उगवली. तेच जर एखाद्या विक्रेत्याने स्वतःपुरते ठेवलेले खाजगी संकेत असते आणि विक्रेता दुकान बंद करून गेला असता, तर आम्ही एकेक अक्षर तर्काने लावीत बसलो असतो.

आमच्या गृहस्थांचे नाव दोन्ही हंगामांत होते: तिकीट नंबर, हजेरी, पगार, फंडाची कपात. केवळ हा छापलेला कागद कचेरीने पुरावा म्हणून घेतला नसता, हे मी जाणून होतो. परंतु कोणत्या महिन्यात किती रुपये भरले गेले हे कळल्यामुळे जुन्या वार्षिक पत्रकांत नेमके कोठे शोधायचे ते सांगता आले. पाच-सहा फेऱ्या झाल्या, नोंद सापडली. दहा वर्षे भरली.

आता त्या ‘कोणी’कडे येतो. कारण आजच्या व्याख्यानाचा खरा विषय तोच आहे.

१९९१ सालच्या ऑगस्टच्या २५ तारखेला फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले की, आपण हौसेखातर एक नवी प्रणाली लिहीत आहोत. त्याच निवेदनात त्याने कबूल केले होते की, एटी घराण्याच्या डिस्कपलीकडे ती बहुधा काही चालवू शकणार नाही, कारण आपल्याजवळ तेवढीच डिस्क आहे. म्हणजे लिनक्सचा पहिला डिस्क-दुभाषी आमच्या भंगारातल्या डिस्कच्याच घराण्याचा! त्या पहिल्या आवृत्तीत डिस्कची मोजमापे माणसाने हाताने लिहून द्यायची होती. पुढे निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी या घराण्यासाठी एक मोठा दुभाषी रचला. शेकडो प्रकारच्या जोडण्या, त्यांचे दोष आणि लहरी त्यात नोंदल्या गेल्या. २००३ च्या सुमारास नव्या, बारीक तारेच्या डिस्का आल्या. त्यांच्यासाठी जेफ गार्झिक यांनी लिब-एटीए नावाचा दुसरा, अधिक नेटका दुभाषी लिहिला, आणि हळूहळू तो जुन्या डिस्कांचीही भाषा शिकला. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे दोन दुभाषी एकाच गाभ्यात शेजारी शेजारी नांदत होते.

नव्याकडे जाताना घोटाळेही झाले. जुन्या दुभाष्याच्या दप्तरी पहिल्या डिस्कचे नाव ‘एचडीए’ होते, नव्याच्या दप्तरी ते ‘एसडीए’ झाले. ज्यांनी जुने नाव लिहून ठेवले होते त्यांचे संगणक सकाळी उठेनात. डिस्क जागेवर होती, तिच्यावरचा माल शाबूत होता, केवळ तिकीट नंबर बदलला होता! कंत्राटदार बदलला की फंडाचा नंबर बदलतो आणि कामगाराची मागची सेवा हवेत लटकते, हे पाहिलेल्या माणसाला यात नवे काही नाही. उपायही तोच निघाला: जागेवरून नाव देण्याऐवजी प्रत्येक डिस्कच्या विभागाची कायमची स्वतंत्र ओळख धरायची. २०१४ साली फंडाच्या कामगाराला कायमचा खातेक्रमांक मिळाला, तो याच शहाणपणाने.

मग कोणी विचारील, जुना दुभाषी राहिला तर बिघडले काय? पडून राहील बिचारा एका कोपऱ्यात. मीही प्रथम असेच म्हणालो होतो. तीस वर्षे ‘एकालाही काढू देणार नाही’ म्हणत आलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? पण वाचीत गेलो तेव्हा ध्यानात आले की, पडून राहणे हेच गाभ्यात शक्य नसते. गाभा दर दोन-अडीच महिन्यांनी नवी आवृत्ती घेतो. मध्यभागी एखादी रीत बदलली की तिच्यावर अवलंबून असलेला प्रत्येक दुभाषी बदलावा लागतो. तो बदलणाऱ्याच्या टेबलावर ती जुनी डिस्क नसते. त्याने केलेला बदल बरोबर की चूक, हे सांगणारे कोणी नसते. आपण मिल हाऊसमधल्या माणसाला विचारा: जे चक्र कोणी फिरवून पाहत नाही त्यात तेल घातल्याची नोंद वहीत असली, तरी त्याचा भरवसा धरू नये.

शिवाय न पाहिलेल्या कोपऱ्यात चोरवाट राहते. २०१५ साली याचे मोठे उदाहरण घडले. एका संगणकाच्या पोटात दुसरा काल्पनिक संगणक चालवणारा क्येमू नावाचा कार्यक्रम आहे. त्यात जुन्या फ्लॉपीचे सोंग घेणारा एक भाग होता. त्या भागातला दोष २००४ पासून तेथे होता. फ्लॉपी कोणी जोडलेली नसली तरी त्या वाटेने आत शिरता येत होते. म्हणजे जो भाग कोणी वापरीत नव्हते, त्याच्यामुळे वापरात असलेले सगळे धोक्यात आले.

हे सारे काम करतो कोण आणि त्याला मजुरी देतो कोण? लिनक्सच्या गाभ्यात एक फाईल आहे. मी तिला त्यांचे मस्टर म्हणतो. कोणता भाग कोणाच्या जिम्मेवारीवर आहे ते तिच्यात लिहिलेले असते आणि प्रत्येकापुढे एक शेरा असतो. एका शेऱ्याचा अर्थ, हे काम पाहण्यासाठी माणसाला पगार मिळतो. दुसऱ्याचा अर्थ, कोणीतरी लक्ष देतो. तिसऱ्याचा अर्थ, माणूस आहे पण त्याला वेळ नाही; कधीमधी डागडुजी करील. आणि चौथा शेरा आहे ‘अनाथ’. बंधूंनो, मी आजवर पुष्कळ मस्टरे पाहिली, पण कोणाला पगार मिळतो, कोण फुकट राबतो आणि कोणती जागा रिकामी आहे, हे इतक्या उघडपणे लिहिलेले मस्टर पाहिले नाही. आपल्या संस्थांनी त्याचा कित्ता गिरवावा.

२०१९ साली फ्लॉपीच्या दुभाष्यापुढे ‘अनाथ’ हा शेरा पडला, कारण तो सांभाळणाऱ्याजवळ चालणारे यंत्रच उरले नव्हते. मग डेनिस एफ्रेमोव्ह या गृहस्थांनी तो भाग आपल्याकडे घेतला आणि शेरा बदलून ‘कधीमधी डागडुजी’ असा झाला. या मंडळींत आपली माणसे नाहीत असे समजू नका. गाभ्यातले दोष शोधण्याचे केजीडीबी नावाचे अवजार २००८ साली मूळ गाभ्यात दाखल झाले. त्याच्या फाईलच्या माथ्यावर पुण्याच्या अमित काळे यांचे नाव आहे. पूर्वीची काही वर्षे ते अवजार त्यांनी सांभाळले होते.

आता जुन्या दुभाष्याचे काय झाले ते ऐका. २०१९ साली जाहीर नोटीस लागली की, २०२१ नंतर हा गाभ्यात राहणार नाही. ज्यांना अजून त्याच्याशिवाय चालत नाही त्यांनी पुढे यावे. आणि लोक पुढे आले. अमिगा आणि अटारी या नावांचे फार जुने संगणक जपणारी काही मंडळी जगात आहेत. त्यांच्या यंत्रांतल्या डिस्कांची भाषा नव्या दुभाष्याला शिकवण्याचे काम चालू होते. ते पुरे केले गेले आणि खऱ्या यंत्रांवर तपासले गेले. त्यानंतर २०२१ च्या जूनमध्ये क्रिस्टोफ हेलविग यांच्या प्रस्तावाने जुन्या दुभाष्याच्या चाळीस हजारांहून अधिक ओळी काढण्यात आल्या. २९ ऑगस्ट २०२१ रोजी ५.१४ ही आवृत्ती निघाली, तिच्यात तो नव्हता. १९९१ च्या त्या निवेदनाला बरोबर तीस वर्षे आणि चार दिवस झाले होते.

हे वाचले त्या दिवशी मला आमच्या डिस्कची आठवण झाली. मी शहाद्याच्या त्या मुलाला विचारले, “आज ती डिस्क लावली तर?” तो म्हणाला, “आजही वाचली जाईल, भाऊ. त्या दिवशीसुद्धा वाचली ती नव्या दुभाष्यानेच.” मी चकित झालो. ज्याला मी नवा म्हणून संशयाने पाहत होतो, त्याने गाव-गट-हिस्साही शिकून घेतले होते!

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार कमी करताना तीन गोष्टींची सवय मालकांना लावली: आधी नोटीस, हिशेबाने भरपाई, आणि शेवटी आलेला आधी जाईल हा क्रम. यंत्राच्या बाबतीत क्रम उलटा आहे. आधी आलेले आधी जाते, त्याला इलाज नाही. परंतु नोटीस दिली पाहिजे, आणि भरपाईही दिली पाहिजे. यंत्राच्या बाबतीत भरपाई म्हणजे जाणाऱ्याचे ज्ञान राहणाऱ्याने पुरते शिकून घेणे. जुने आहे म्हणून काढा, असे म्हणणारा आणि जुने आहे म्हणून ठेवा, असे म्हणणारा, दोघेही मला आता सारखेच बेजबाबदार वाटतात. मी तिघांबद्दल विचारतो: याच्यावर अवलंबून कोण आहे? याला सांभाळणारा कोण आहे? आणि त्या सांभाळणाऱ्याचे पोट कोण भरतो? तिसऱ्या प्रश्नाला ‘कोणी नाही’ असे उत्तर आले, तर पहिल्या प्रश्नातली माणसे आज ना उद्या उघड्यावर पडणार, हे निश्चित समजावे.

गोष्ट येथे संपली असती तर सुखान्त झाली असती. पण त्या नकलेत जे तुकडे शेवटपर्यंत वाचता आले नाहीत, त्यांत काही नावे गेली. पुढच्या आठवड्यात त्याच कारखान्यातल्या एका मयत कामगाराची पत्नी माझ्याकडे आली. तिने ऐकले होते की, भाऊंनी कॉम्प्युटरमधून हंगाम काढून दिले. तिच्या पतीचे नाव नेमके त्या खराब भागात होते. मुलाने तीन रात्री खटपट केली. दुभाषी शाबूत होता, भाषा शाबूत होती. तबकडीवरचा लेपच उडाला होता. मी तिला एवढेच सांगू शकलो की, दहा वर्षे आधी नक्कल घेतली असती तर. त्यावर ती काही बोलली नाही. ती उठून गेली तेव्हा मी ठरवले की, या विषयावर बोलायला मिळेल तेथे बोलायचे.

म्हणून आपल्यापुढे तीन मागण्या ठेवतो. आपल्यापैकी कोणी सोसायटीत आहे, कोणी पतपेढीत, कोणी शाळेत, कोणी कारखान्यात. पहिली मागणी: भंगाराचा लिलाव करण्यापूर्वी संगणकातली डिस्क काढून तिची पूर्ण नक्कल घ्या, आणि ती दोन जागी ठेवा. दुसरी: नोंदी अशा स्वरूपात ठेवा की, ज्याचे कोष्टक प्रसिद्ध आहे आणि ज्याला विक्रेत्याची परवानगी लागत नाही. तिसरी: भिंतीवर एक मस्टर लावा. कोणती नोंद कोठे आहे, ती कोण सांभाळतो, त्याला त्याचे पैसे मिळतात की नाही, हे त्यावर लिहा. एखाद्या नोंदीपुढे नाव लिहिता आले नाही, तर तेथे ‘अनाथ’ असा शेरा लिहा. तो वाचून कोणाला तरी लाज वाटेल आणि कोणीतरी पुढे येईल, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

पहिल्या रांगेतल्या गृहस्थांना मी भांडण दाखवायचे कबूल केले होते. ते हे असे आहे. त्यात आपण कोणत्या बाजूला उभे राहायचे ते त्यांनी आणि आपण सर्वांनी ठरवावे.